दुसऱ्या कडव्याबाबत

दर रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास सोसायटीच्या हॉलमध्ये टाळ्या पडायच्या आणि दुसऱ्या मजल्यावर, बातम्यांसमोर बसलेल्या अग्रलेखांच्या पोटात डाव्या बाजूला कळ यायची. दाखवलं होतं त्यांनी डॉक्टरला. म्हणजे पोटाच्या डॉक्टरला, तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला नव्हे. टाळ्या त्या दातवाल्याला पडत होत्या, आणि कळ त्या टाळ्यांची होती. पोटाच्या डॉक्टरने गॅसेस म्हणून गोळ्या दिल्या. अग्रलेखांनी त्या आठ दिवस इमानेइतबारे घेतल्या, पण नवव्या दिवशी पुन्हा रविवार आला.

अग्रलेख हे त्यांचं नाव नव्हे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. पाणीखात्याच्या तक्रार विभागात ते हेडक्लार्क, पण त्यांची खरी नोकरी जिन्यात चालायची. राज्यात कोण राजीनामा देणार, कोण कुणाला फोडणार, कुठलं खातं कुणाच्या घशात जाणार, हे सगळं गेली वीस वर्षं ते शेजाऱ्यांना उभ्याउभ्या समजावून सांगत आले होते. कुणी नुसतं 'काय, बरं आहे ना?' विचारलं तरी ते 'बरं कसलं, सरकार टिकत नाही' इथून सुरुवात करत. समोरचा माणूस या हातातली पिशवी त्या हातात घेत, मग पुन्हा या हातात घेत, उभा राही. अग्रलेख याला मान समजत.

तर अशा सुखी संसारात दोन वर्षांपूर्वी हा दातवाला राहायला आला. चेहरा हसरा, दात अर्थातच पांढरेशुभ्र, आणि सामानात जुन्या गाण्यांच्या कॅसेटींची सहा खोकी. त्याने हॉलमध्ये 'खुर्ची आणि कॅसेट' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पाच मिनिटं राज्यातल्या राजकारणावर बोलायचं आणि त्याला चपखल बसणारं एखादं जुनं, गिटारवालं, टाळ्यांच्या तालावरचं गाणं लावायचं. चार पक्षांचं सरकार डळमळलं तेव्हा त्याने एका सायकलवर बसलेल्या चार मित्रांचं गाणं लावलं. लोक हसून हसून बेजार. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बाई गं, ही युती म्हणजे काय भानगड आहे ते आज मला पहिल्यांदा कळलं!"

पहिल्यांदा! त्याच युतीवर अग्रलेखांनी या बाईंना जिन्यात आठ वर्षं फुकट शिकवणी दिली होती. आता याला कृतघ्नपणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण मास्तरीणबाईंचं एक वेळ सोडा. अग्रलेखांना खरं लागलं होतं ते घरातलं. त्यांची बायको दर रविवारी केसबीस नीट विंचरून, पावणेसहालाच चपला घालून, पहिल्या रांगेत जाऊन बसायची. साडेसहाला परत यायची ती गुणगुणत. चेहऱ्यावर असं हसू, की ते पाहून अग्रलेखांना वाटे, हे हसू आपण शेवटचं कधी पाहिलं? लग्नाच्या अल्बमात बहुतेक. बावीस वर्षं हिच्यासमोर मंत्रिमंडळंच्या मंत्रिमंडळं उलगडून दाखवली, कधी नुसती जिवणी हलली नाही, आणि त्या उपटसुंभाने एक टेप वाजवली की खुलली!

आता घरातली एक रीत इथेच सांगायला हवी. संध्याकाळी साडेपाच ते आठ अग्रलेखांच्या घरात बातम्या चालत. मध्ये कुणी बोललं, भांडं वाजवलं किंवा गुणगुणलं, तर अग्रलेख पडद्यावरची नजर न काढता उजव्या हाताचा पंजा वर करत, चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसा. पंजा वर झाला की घर थांबे. त्या पंज्यासमोर मुलीचा दहावीचा निकालसुद्धा एकदा सव्वा तास थांबला होता.

"त्याच्यात एवढं आहे तरी काय?" एका रविवारी न राहवून त्यांनी मुलीला विचारलं.

"बाबा, ते अर्ध्या तासात संपवतात," कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली.

अग्रलेख उठले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी पण करणार," ते म्हणाले. "तोच कार्यक्रम. गाण्यांसकट. राजकारण त्याचं कच्चं आहे. गाण्यांचं काय, कुणीही लावेल!"

स्वयंपाकघरातून बायको काहीतरी म्हणाली, पण बातम्या चालू होत्या. पंजा वर झाला.

दुसऱ्या दिवशी ते हॉल मागायला सेक्रेटरींकडे गेले. सोसायटीचे सेक्रेटरी चौदा वर्षं त्याच पदावर होते. दर निवडणुकीला 'यंदा मला मोकळं करा' म्हणायचे आणि दुसरं कुणी उभं राहिलं की त्याचं पाणी कमी दाबाने यायचं. मिशा भरघोस, बोलताना त्या पुसायची सवय.

"हॉल मिळेल की," मिशा पुसत सेक्रेटरी म्हणाले. "रविवार डॉक्टरांचा. शनिवार घ्या. अर्ज द्या."

अर्ज म्हटल्यावर अग्रलेखांना बरंच वाटलं. आपल्या मैदानात आल्यासारखं. पण खाली उतरताना समोरच्या फ्लॅटमधले वकील भेटले आणि अग्रलेखांनी काहीच विचारलेलं नसताना त्यांनी सल्ला दिला.

"तुम्ही सरकारी नोकर ना? राजकारणावर जाहीर बोलणार? गोत्यात याल."

"अहो, वीस वर्षं बोलतोय!"

"ते जिन्यात. जिना खाजगी. हॉल म्हणजे जाहीर सभा. त्या दातवाल्याला कोण विचारतंय, तो स्वतःच्या जिवावर दात उपटतो. तुम्ही आधी खात्याची लेखी परवानगी घ्या."

दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. पण अग्रलेख जातिवंत हेडक्लार्क. त्यांनी रीतसर अर्ज केला. विषय : शासकीय सेवेत असताना राजकारणावर जुन्या गाण्यांसह बोलण्यास परवानगी मिळणेबाबत. अर्ज त्यांनीच आवक करून घेतला, त्यांनीच त्याला नंबर दिला आणि त्यांनीच तो साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो तीन दिवस पेपरवेटखाली ठेवून मग विचारलं, "हे जुन्या गाण्यांसह म्हणजे? नवीन गाण्यांना वेगळी परवानगी लागते का?"

"नाही साहेब, कार्यक्रमाचं स्वरूपच तसं आहे."

"गाण्यांचा कल कुठल्या पक्षाकडे आहे?"

"साहेब, प्रेमगीतं आहेत."

"म्हणजे सगळ्यांकडेच," असं म्हणून साहेबांनी फाईल कायदा शाखेकडे पाठवली. कायदा शाखेने गाण्यांची यादी तीन प्रतींत मागवली. यादी गेल्यावर, या गाण्यांमुळे पाणीपुरवठ्यात खंड पडणार नाही असा दाखला मागवला. तो दाखला तक्रार विभागाने द्यायचा होता, म्हणजे अग्रलेखांनीच. त्यांनी तो स्वतःला दिला, स्वतःकडून पोच घेतली. अखेर सव्वा महिन्याने परवानगी आली. राजकारणावर भाष्य करण्यास हरकत नाही, मात्र भाष्यात कोणतीही व्यक्ती, पक्ष, पद, निर्णय, घटना अथवा ठिकाण यांचा नामनिर्देश नसावा.

अग्रलेखांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. अटी त्यांना जाचक वाटल्या नाहीत. खात्याची सगळी पत्रं तशीच असतात.

त्या यादीतली गाणी कुठून आली, ते राहिलंच. दातवाल्याकडे कॅसेट मागायची म्हणजे जीव गेला तरी नाही. माळ्यावर बायकोचं एक खोकं होतं. लग्नात आणलेला टेपरेकॉर्डर आणि तीसेक कॅसेटी. बातम्यांत व्यत्यय नको म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात अग्रलेखांनी ते स्वतःच्या हाताने वर टाकलं होतं. स्टुलावर चढून, तोंडाला रुमाल बांधून त्यांनी ते खाली काढलं.

"कॅसेटी कशाला काढल्यात?" बायकोने दारातून विचारलं. पण टीव्हीवर नेमका कुणाचा तरी पाठिंबा निघत होता. पंजा वर झाला. ती थोडा वेळ खोक्याकडे बघत उभी राहिली आणि आत गेली.

गाणी निवडायला अग्रलेखांना एक तास पुरला. कॅसेटच्या कागदावर प्रत्येक गाण्याची पहिली ओळ छापलेली असते. झालं काम! तीस वर्षांत त्यांनी हजारो तक्रारी निकालात काढल्या होत्या त्या अर्जावरचा 'विषय' वाचून. खालचा मजकूर वाचत बसणारा क्लार्क कधी हेडक्लार्क होत नसतो, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी फाईल केली, टॅग लावला आणि नोंदी केल्या. 'आता तरी खुर्ची सोड' : राज्याच्या त्या थोरल्या नेत्यासाठी, जो चौदा वर्षं खुर्ची सोडत नव्हता आणि जो आज ना उद्या जाणार असं भविष्य अग्रलेख आठ वर्षं वर्तवत होते. 'चावी शेजारी ठेवलीय, ये तू सावकाश' : पक्ष सोडून गेलेले परत येतात त्यांच्यासाठी. हे तर त्यांना थोडं ओळखीचंही वाटलं. स्वयंपाकघरातून ही एवढी ओळ अधूनमधून ऐकू यायची. पुढे काय ते कधी ऐकू आलं नव्हतं. गाणी लावून बघायची गरज काय? टेपची चाकं फिरतात एवढी खात्री त्यांनी करून घेतली.

शनिवार उजाडला. हॉल भरला, कारण सव्वा महिना जिन्यात जाहिरात चालली होती आणि न येणाऱ्याची गाठ पुन्हा जिन्यातच पडणार होती. पहिल्या रांगेत मधोमध सेक्रेटरी. त्यांच्या शेजारी, सगळे दात दाखवत, तो दातवाला. आलाच मेला, अग्रलेखांच्या मनात आलं, बघ म्हणावं आता. त्यांनी बायकोला शोधलं. ती आज पहिल्या रांगेत नव्हती. मागे भिंतीपाशी मुलीबरोबर बसली होती आणि टेबलावरच्या आपल्या टेपरेकॉर्डरकडे एकटक बघत होती. त्याच्यासाठी पहिली रांग आणि माझ्यासाठी भिंत! पोटात कळ आली.

"मित्रहो," अग्रलेखांनी घसा साफ केला. खिशातल्या पत्रावर हात ठेवला. "एका ठिकाणी एक गृहस्थ आहेत. ते एका जागेवर आहेत. बरीच वर्षं आहेत. चौदा वर्षं."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. माना हळूहळू पहिल्या रांगेकडे वळल्या. सेक्रेटरींचा मिशांवरचा हात थांबला.

"दर वेळी ते म्हणतात, मला मोकळं करा. आणि दुसरं कुणी उभं राहिलं, की त्याचा पुरवठा तोडतात." इथे अग्रलेखांच्या डोळ्यांसमोर पक्षाचा निधी होता. हॉलच्या डोळ्यांसमोर नळ होते. मास्तरीणबाईंनी तोंडावर पदर धरला. वकील पुढे सरसावून बसले. अरे वा, रंगतंय की, असं वाटून अग्रलेखांना चेव आला. "अशा माणसाला जनतेने काय सांगावं? ऐका!" आणि त्यांनी बटण दाबलं.

'आता तरी खुर्ची सोड' ही ओळ खणखणीत वाजली. पाठोपाठ चिमण्या आवाजांचा घोळका आला, कारण ते गाणं होतं आजोबांच्या खुर्चीत झोपणाऱ्या मांजरीचं, कुठल्याशा जुन्या बालगीतांच्या कॅसेटमधलं.

'दूध पिऊन मिशा पुसते,
पुन्हा येऊन तिथंच बसते!'

हॉल फुटला. मागची पोरं खुर्च्यांवरून खाली पडली. सेक्रेटरी उठले तेव्हा त्यांचा हात नेमका मिशांवर होता, त्यामुळे आणखी एक लाट उठली.

"अर्ज करून हॉल घेतलात, आणि माझ्यावरच?"

"छे हो! तुमच्यावर नाही!"

"मग कुणावर? नाव सांगा!"

"नाव..." अग्रलेखांनी खिशातलं पत्र चाचपलं. "नाव मला सांगता येत नाही."

"पद सांगा! गाव सांगा!"

"त्याचीही परवानगी नाही. हे पत्र बघा, आवक-जावक नंबरासकट आहे."

सेक्रेटरींनी पत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते तडक दाराबाहेर गेले, हॉलचा मेन स्विच खाली ओढला, बोर्डाच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकून घरी गेले. पंखे थांबले. खिडक्यांतून संध्याकाळचा उजेड येत होता तेवढाच.

दुसरा कुणी असता तर इथे थांबता. पण दातवाल्यासमोर माघार? अग्रलेखांनी वकिलांच्या टॉर्चमधले सेल काढून टेपरेकॉर्डरमध्ये घातले. "आता परत येणाऱ्यांविषयी," असं पुटपुटून त्यांनी दुसरी कॅसेट लावली. सेल अर्धमेले होते. 'चा...वी... शे...जा...री...' असा आवाज आला, पाटा ओढावा तसा. मग खर्र झालं आणि टेप चाकांत गुंतली. अग्रलेखांनी ओढली तर ती आणखी आली. ओढत गेले, येत गेली. शेवटी ते दोन्ही हातांत तपकिरी फितीचं जंजाळ घेऊन उभे राहिले. कुणी हसेना, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या लोकांनी आपल्याकडे इतक्या दयेने कधी बघितलं नव्हतं, त्यांना वाटलं. त्यांना जिन्याची आठवण आली.

तेवढ्यात मागून, भिंतीजवळून, कुणीतरी ती ओळ उचलली. आधी हळू, मग मोकळ्या आवाजात.

'चावी शेजारी ठेवलीय, ये तू सावकाश...'

बायको गात होती. अग्रलेखांचे हात जागच्या जागी राहिले. चाल अशी उडती, की मास्तरीणबाईंनी टाळी धरली, मग पोरांनी, मग सगळ्यांनी. पंजा वर करणारं कुणी नव्हतं, त्यामुळे गाणं पहिल्यांदाच पहिल्या ओळीच्या पुढे गेलं आणि दुसरं कडवं आलं.

'भिंतींशी बोल आता, त्या ऐकतात छान,
मी निघाले, माझ्या गाण्याला हवेत कान!'

म्हणजे हे परत बोलावणारीचं गाणंच नव्हतं. घर सोडून चाललेलीचं होतं. बावीस वर्षं स्वयंपाकघरातून सुरू होत असलेलं गाणं हे होतं तर! अग्रलेख खाली, फितीच्या ढिगाशेजारी, बसले.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. दातवाला उठून मागे वळला. "वहिनी, आजचा कार्यक्रमपण तुम्हीच वाचवलात!"

"आजचापण?" अग्रलेखांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. डॉक्टर गोंधळला.

"म्हणजे... तुम्हाला माहीत नाही? अहो, 'खुर्ची आणि कॅसेट'ची गाणी वहिनीच सुचवतात. त्यांच्या दाढेचं काम चाललं होतं, तेव्हा मी माझ्या कॅसेटी लावायचो. तोंडात कापूस असताना त्या हाताने खुणा करायच्या, हे नको, पुढचं लावा. त्यांना येत नाही असं गाणंच नाही."

"आणि राजकारण?"

"ते तर तुमचंच! वहिनी सांगतात, हे घरी असं असं म्हणाले. मी फक्त..." डॉक्टरने शब्द शोधला, "छोटं करतो."

तर ज्या टाळ्यांनी दोन वर्षं अग्रलेखांचं पोट दुखत होतं, त्या टाळ्यांचा सगळा माल त्यांच्याच घरातून गेला होता. आता तरी कळ थांबायला हवी होती. पण नाही. ती तिथंच होती, नुसती जागा बदलून, जरा वर छातीकडे सरकली होती.

घरी येताना जिन्यात त्यांनी विचारलं, "अगं, मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं," बायको म्हणाली. "बातम्या चालू होत्या."

"दाढेच्या किती खेपा झाल्या?"

"सतरा."

सतरा! सतरा खेपा तो दातवाला हिची आवड ऐकत बसला, आणि ती सांगत होती कापूस कोंबलेल्या तोंडाने. आपल्या घरात तर हिच्या तोंडात कापूसही नव्हता. अग्रलेखांना त्या माणसाचा असा हेवा वाटला, की आधीचे सगळे हेवे त्यापुढे चिल्लर. त्याच्या टाळ्यांचा नव्हे, त्याच्या त्या खुर्चीचा, चिमट्याचा, अगदी त्या किडक्या दाढेचासुद्धा.

घरात शिरल्यावर मुलीने सवयीने टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो टीव्हीवर पालथा ठेवला. खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात नेली आणि बसले.

"काय झालं?" बायको म्हणाली. "बरं वाटत नाही का? पोट?"

"तेच गाणं म्हण," अग्रलेख म्हणाले. "पहिल्यापासून. मगाशी मी नीट ऐकलं नाही. मला बघ... मला फार वाईट वाटतंय गं."

बायकोने त्यांच्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि घड्याळाकडे बघत म्हणाली, "साडेसातच्या बातम्या आहेत हं."

"असू देत."

तिने सुरुवात केली. मुलीने ओट्यावर ताल धरला. पहिलं कडवं संपतं आहे तोच दारावर धाडधाड थापा पडल्या, आणि कडी न लावलेलं दार ढकलून वकील आतच आले.

"अग्रलेख! टीव्ही लावा, टीव्ही! थोरल्यांनी खुर्ची सोडली! चौदा वर्षांनी! तुम्ही आठ वर्षं सांगत होता ते आज झालं! खाली सगळे तुमची वाट बघतायत, चला, बोला!"

बायको गायची थांबली. सवयीने.

अग्रलेखांचा उजवा हात वर झाला. बावीस वर्षांचाच तो पंजा, तसाच ताठ. फक्त या वेळी तो वकिलांकडे होता.

"थांबा जरा," ते बायकोवरची नजर न काढता म्हणाले, "दुसरं कडवं चालू आहे."